लूपला उचकी का लागते? एक पेडल, एक पाय आणि १९७३ सालचं एक मॉडेल

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका कॅफेच्या ओपन माइकला मी गिटार आणि लूपर पेडल घेऊन उभी राहिले. प्रत्येकाला आठ मिनिटं होती. चार कॉर्डची एक फेरी वाजवली, पेडल दाबून लूप बंद केला, आणि लूप परत सुरू झाला तेव्हा पहिल्या ठोक्याआधी एक छोटासा खड्डा पडला. फार नाही, पण साधारण दर साडेदहा सेकंदांनी तो परत येत होता. मी गात होते आणि मनात मात्र पुढच्या उचकीची वाट बघत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लोक चांगले असतात. तबला वाजवणारा मित्र मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, "समेवर लंगडत होतं गं."

मी पीएचडी करते ती माणसाच्या ताल धरण्याच्या क्षमतेवर. म्हणजे जी गोष्ट मी दिवसभर मोजते, तीच मला स्टेजवर जमली नाही. त्यात पुढच्याच महिन्यात माझा प्रोग्रेस सेमिनार होता आणि त्यात एक मॉडेल समजावून सांगायचं होतं, जे मला (आता कबूल करते) सूत्र म्हणून पाठ होतं, समजलेलं नव्हतं. ते समजलं या उचकीमुळे. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना यातून बायस आणि व्हेरिअन्स यांतला फरक कळेल, आणि ज्यांना ओपन माइकला लूपर वाजवायचाय त्यांचा लूप नीट बसेल. दोन्ही कामं एकाच गोष्टीतून होतात.

आधी लूपर म्हणजे काय

पायाने एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. परत दाबलं की रेकॉर्डिंग थांबतं आणि मधला तुकडा लगेच, न थांबता, पुन्हापुन्हा वाजायला लागतो. त्यानंतर दाबलं की त्याच तुकड्यावर नवा थर चढतो, याला ओव्हरडब म्हणतात. एकटा माणूस आधी गिटारच्या खोक्यावर ठेका देतो, मग कॉर्ड, मग बेस, आणि मग त्यावर गातो.

आपल्याकडे ही कल्पना मुळीच नवी नाही. तबल्याच्या सोलोमध्ये पेटी किंवा सारंगीवर जो लेहरा चालू असतो तो हेच काम करतो. एक आवर्तनाची धून, पुन्हापुन्हा, जेणेकरून तबलजीला सम कुठे आहे ते कळत राहावं. फरक एवढाच की लेहरा धरणारा माणूस ऐकतो आणि जुळवून घेतो. पेडल ऐकत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

यंत्राच्या बाजूने बघितलं तर गोष्ट टेपपासून सुरू होते. १९६३ मध्ये पॅरिसमध्ये टेरी रायली यांच्या कामासाठी दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोघांतून फिरवली गेली. पहिला रेकॉर्ड करतो, टेप सरकत दुसऱ्यापर्यंत पोचते आणि तिथे तो आवाज वाजतो, तोच परत पहिल्याकडे जातो. उशीर किती, हे दोन यंत्रांमधल्या अंतरावर ठरणार. टेप सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर वेगाने जात असेल आणि मधलं अंतर दोन मीटर असेल, तर उशीर साधारण साडेदहा सेकंद. म्हणजे माझ्या लूपएवढाच!

आज तेच काम मेमरीत होतं. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइट, एक चॅनल. पाच मिनिटांचा लूप म्हणजे जेमतेम २६ एमबी. म्हणून हे यंत्र आता तळहातावर मावतं. आणि हे सगळं सामान्य प्रेक्षकांच्या नजरेत भरलं त्यातला एक प्रसंग २००४ चा. बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात एका कलाकाराने ऐनवेळी माघार घेतली आणि केटी टन्स्टल ही स्कॉटिश गायिका गिटार आणि पायाखालच्या एका पेडलवर एकटीच गाऊन गेली. त्यानंतर हातात गिटार आणि पायाखाली पेडल हे चित्र ओपन माइकसाठी नेहमीचं झालं.

चूक किती होती?

सेमिनारच्या तयारीत गाईडना ही फजिती सांगितली. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "चूक किती होती? आणि कुठल्या जातीची होती?"

चला, हिशोब करू. माझं गाणं मिनिटाला ९० ठोक्यांचं. म्हणजे एक ठोका ६६७ मिलिसेकंद. चार मात्रांच्या चार फेऱ्या म्हणजे १६ ठोके, एकूण १०.६६७ सेकंद. समजा लूप ५० मिलिसेकंदांनी लांब झाला. आता तो १०.७१७ सेकंदांचा. सरासरी लय काढली तर ८९.६ येते. ९० आणि ८९.६ यांतला फरक मैफिलीत कोणाला कळणार नाही.

मग ऐकू का आलं? कारण ते ५० मिलिसेकंद सोळा ठोक्यांत वाटले गेले नाहीत. सगळेच्या सगळे शेवटच्या ठोक्यात गेले. पंधरा ठोके ६६७ चे आणि सोळावा ७१७ चा, म्हणजे साडेसात टक्के लांब. सरासरी बरोबर आणि अनुभव लंगडा. (सरासरीवर विसंबून डेटा "ठीक आहे" म्हणणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. त्यांत मीही होते.)

आणि लूपसोबत कोणी कहोन वाजवत असेल, जो ९० लाच धरून बसलाय, तर चूक साचत जाते. दहा फेऱ्यांनंतर अर्धा सेकंद, म्हणजे पाऊण मात्रा. दोन लूपांची लांबी जरा वेगळी असली की ते असे सरकत जातात. १९६५ मध्ये स्टीव्ह राइक यांच्या दोन टेप अशाच सरकायला लागल्या. त्यांना त्या जुळवायच्या होत्या, पण ते सरकणं ऐकून त्यांनी त्यावरच 'इट्स गॉना रेन' ही रचना उभी केली. चूक लगेच पुसू नका, आधी ऐका, हा धडा तिथला. पण त्यांची चूक त्यांना हवीशी झाली. माझी मला नको होती.

मी तीन आठवडे चुकीच्या जागी सराव केला

लूप लांब झाला म्हणजे मी शेवटचं बटण उशिरा दाबलं, असं मी गृहीत धरलं. रोज अर्धा तास शेवटचं दाबणं घोटलं. फरक पडला तो असा की उचकी आता प्रत्येक वेळी सारखीच यायला लागली. चूक तेवढीच, फक्त जास्त नेमकी!

मग मित्राने कॅफेत फोनवर केलेलं रेकॉर्डिंग संगणकावर उघडलं. पेडलची टक आणि तारेचा आवाज दोन्ही वेव्हफॉर्मवर दिसत होते. लूप बंद करताना टक आणि तार एकमेकांवर चढलेल्या. सुरू करताना मात्र आधी टक, मग मोकळी जागा, मग तार. म्हणजे मी घाबरून आधी पेडल दाबत होते आणि मग वाजवायला लागत होते. ती मोकळी जागाही लूपमध्ये रेकॉर्ड होत होती आणि दर फेरीला वाजत होती. चूक शेवटी ऐकू येत होती, पण झाली होती सुरुवातीला.

इथे माझं मॉडेल आत येतं.

विंग आणि क्रिस्टोफरसन

ॲलन विंग आणि आल्फ्रेड क्रिस्टोफरसन यांनी १९७३ मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे. प्रयोगात माणूस आधी मेट्रोनोमबरोबर बोटाने टकटक करतो, मग मेट्रोनोम बंद होतो आणि त्याने त्याच लयीत पुढे चालू ठेवायचं. दोन टकटकींमधलं अंतर दर वेळी थोडं बदलतं. का? त्यांचं म्हणणं, कारणं दोन. एक, डोक्यातलं घड्याळ दर वेळी तंतोतंत सारखा अवधी मोजत नाही. दोन, घड्याळाने "आता!" म्हटल्यापासून बोट खाली पडेपर्यंत थोडा उशीर लागतो आणि तोही दर वेळी थोडा वेगळा असतो.

आता अंतर म्हणजे काय? या टकटकीची वेळ वजा आधीच्या टकटकीची वेळ. म्हणजे:

अंतर = घड्याळाचा अवधी + आत्ताचा उशीर − मागचा उशीर

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही सोन्यासारख्या आहेत.

पहिली: उशीर दर वेळी सरासरी सारखाच असेल तर वजाबाकीत तो उडून जातो. तुमचा पाय नेहमीच ४० मिलिसेकंद मागे असला तरी लूपची लांबी बरोबर येते. दोन्ही टोकांना सारखी असलेली चूक निरुपद्रवी.

दुसरी: उशिराचं विखुरलेपण, म्हणजे व्हेरिअन्स, मात्र वजाबाकीत उडत नाही. तो बेरजेत जातो, आणि दोनदा जातो. एकूण व्हेरिअन्स = घड्याळाचा व्हेरिअन्स + दोन वेळा उशिराचा व्हेरिअन्स. उदाहरणार्थ घड्याळाचं प्रमाण विचलन २० मिलिसेकंद आणि पायाचं १५ धरलं, तर ४०० अधिक दोनदा २२५, म्हणजे ८५०, आणि त्याचं वर्गमूळ साधारण २९. हे आकडे फक्त हिशोबासाठी घेतलेत. तुमचे तुम्ही मोजा.

बायस वजाबाकीत उडतो, व्हेरिअन्स दुप्पट होतो. "आधी आणि नंतर" असा फरक मोजणाऱ्या कुठल्याही संशोधनात, मग ते वजन असो, रक्तदाब असो की मुलांचे मार्क, हे वाक्य लागू पडतं. पण एका अटीवर: दोन्ही मोजमापांत बायस सारखाच हवा.

माझी अट तिथेच मोडत होती. सुरुवातीचं दाबणं शांततेतून, शेवटचं वाजत्या तालातून. सुरुवातीला पाय ५० मिलिसेकंद आधी, शेवटी अगदी बरोबर. शून्य वजा उणे ५० म्हणजे अधिक ५०. लूप लांब. आणि सरावाने काय केलं? शेवटचा व्हेरिअन्स कमी केला, पण सुरुवातीचा बायस जागच्या जागी. म्हणून उचकी गेली नाही, फक्त नियमित झाली.

पाय हाताच्या आधी का जातो?

माझा पाय घाबरून पुढे जात होता हे एक कारण. पण यामागे शरीराचंही काहीतरी आहे. मेट्रोनोमबरोबर बोट टेकवायला सांगितलं तर बहुतेक लोक क्लिकच्या थोडं आधीच टेकवतात, साधारण काही दशक मिलिसेकंद. त्यांना मात्र आपण अगदी बरोबर आहोत असं वाटतं. सराव असलेल्या वादकांमध्ये हा फरक कमी दिसतो. आणि पायाने टेकवलं तर तो हातापेक्षा जास्त आधी पडतो. आशर्सलेबन आणि प्रिन्झ यांच्या १९९५ च्या प्रयोगांत हे दाखवलंय. एक स्पष्टीकरण असं की मेंदू हालचाल नाही, तर हालचालीची परत आलेली जाणीव क्लिकशी जुळवतो. पायापासून मेंदूपर्यंतची वाट लांब, म्हणून पाय आधी निघतो. हे एकमेव स्पष्टीकरण नाही, वाद अजून चालू आहे.

त्याहून गमतीची गोष्ट फ्रेंच संशोधक झाक पायार यांनी १९४० च्या दशकात टिपली होती. हात आणि पाय एकदम हलवायला सांगितलं, तर बाहेरच्या इशाऱ्यावर हलवताना हात आधी हलतो. स्वतःच्या मनाने सुरू करताना मात्र पाय आधी! ओपन माइकला इशारा कोण देतो? कोणीच नाही. शांततेतून, आपल्या मनाने, पाय आणि हात एकदम. म्हणजे माझी चूक पायार यांच्या दुसऱ्या प्रकारात चपखल बसते. (हे पटण्यासारखं आहे म्हणून खरंच आहे असं नाही. मी माझ्या पायावर ते सिद्ध केलेलं नाही. थीसिसमध्ये "चपखल बसते" लिहिलं तर गाईड लाल पेन काढतात.)

लूपर दुरुस्ती करू देत नाही

मॉडेलमधून आणखी एक भाकीत निघतं. एखादी टकटक उशिरा पडली तर तिच्या मागचं अंतर लांबतं आणि पुढचं आखूड होतं. म्हणून लागोपाठच्या अंतरांत उलटा संबंध दिसतो: लांब, मग आखूड. प्रत्यक्ष वाजवताना ही आपोआप होणारी भरपाई आहे. एक ठोका चुकला तरी पुढच्यात हिशोब बराचसा चुकता होतो.

लूपरमध्ये "पुढचं अंतर" नाहीच. एकच अंतर पकडलं जातं, गोठतं आणि तेच वाजत राहतं. लेहरा धरणारा माणूस पुढच्या समेला सावरून घेतो, पेडल सावरत नाही. म्हणून चांगले वादकही लूपरवर पहिल्यांदा बसतात तेव्हा चकित होतात. त्यांची लय वाईट नसते. त्यांची दुरुस्ती करायची सोय काढून घेतलेली असते.

एक मर्यादा सांगून ठेवते. मूळ मॉडेल एकाच बोटाच्या सलग टकटकींसाठी आहे. माझ्या लूपमध्ये टोकांना पाय आणि मधे हात. म्हणजे मी मॉडेल उसनं घेऊन त्याच्या हद्दीबाहेर वापरलंय. असं करायला हरकत नाही, पण हद्द कुठे ओलांडली ते लिहायचं.

मग स्टेजवर काय करायचं?

यातल्या पहिल्या चार गोष्टी वरच्या हिशोबातूनच येतात.

एक, चार मोजूनच सुरुवात करा. तोंडाने मोजा, किंवा रेकॉर्ड न करता एक फेरी वाजवा आणि वाजत्या तालातच पहिलं बटण दाबा. मग दोन्ही दाबणी एकाच परिस्थितीतली होतात आणि बायस उडून जातो. संशोधनात यालाच आपण अटी सारख्या ठेवणं म्हणतो.

दोन, सोळाव्या ठोक्यावर बंद करू नका. सोळा अंतरांना सतरा खांब लागतात. बंद करायची जागा सतरावा ठोका, म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. नवशिक्यांची निम्मी गाणी इथेच एक मात्रा गमावतात.

तीन, बंद करताना हात थांबवू नका, समेतून पुढे वाजवत जा. पाय दोन्हीकडे थोडा उशिरा पडत असेल तर पहिल्या ठोक्याची सुरुवात रेकॉर्डिंगच्या बाहेर राहते. पण सतरावा ठोका तुम्ही वाजवला असेल, तर तीच सुरुवात लूपच्या शेपटीत सापडते आणि जोड बुजतो.

चार, पेडल दाबताना काम करतं की सोडताना, ते मॅन्युअलमध्ये बघा. बटणाचा हा उशीर दोन्हीकडे सारखा असतो, त्यामुळे लांबी बिघडत नाही, पण पहिला ठोका कापला जाऊ शकतो.

पाच, आवाज. सारख्या जोराचे वेगवेगळे थर चढवले तर दर दुपटीला साधारण ३ डेसिबल वाढतात. चार थर म्हणजे ६ डेसिबल, आणि तुमचा गळा तेवढाच. पहिला थर वाटतो त्यापेक्षा हळू वाजवा.

सहा, वेळ. साडेदहा सेकंदांचे चार थर म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी जवळजवळ पाऊण मिनिट. ऐकणाऱ्यांना तुमचं बांधकाम बघायला आलेलं नसतं. दुसऱ्या थरापासूनच गायला लागा, बाकीचे थर कडव्यांच्या मधे चढवा.

घरी करायचा प्रयोग

पेडल नसलं तरी चालेल. गिटार, नसली तर टेबल, आणि पायाखाली आवाज करणारं काहीही. फोन रेकॉर्डिंगला लावा. वीस वेळा शांततेतून पाय आणि हात एकदम, वीस वेळा चार मोजून. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर पहिल्या वीसमधला सराव दुसऱ्या वीसमध्ये मिसळेल. सुरू करण्याआधी कागदावर लिहा: कोण आधी पडेल, आणि कुठल्या अटीत जास्त. मग ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन आवाजांमधलं अंतर मोजा. प्रत्येक अटीची सरासरी काढा (हा बायस), मग प्रमाण विचलन काढा (हे विखुरलेपण). बिघडलेली दाबणी गाळू नका. गाळायचीच असतील तर नियम आधी लिहा.

फोन कुठे ठेवला तेही लिहा. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. फोन पायापेक्षा गिटारच्या जवळ असेल तर तुमच्या आकड्यांत तेवढा बायस आहे. दोन्ही अटींत फोन तिथेच असेल, तर दोन अटींची तुलना करताना तो उडून जाईल. ओळखीचं वाटतंय ना?

माझे आकडे सांगत नाही. सांगितले तर तुम्हाला तेच दिसायला लागतील.

आणि सेमिनारचं काय झालं?

वेव्हफॉर्म बघितला त्या रात्री मी माझा पायलटचा कोड उघडला. त्यात प्रत्येक सहभागीची पहिली टकटक शांततेतून होती आणि मी ती बाकीच्यांसारखीच धरून पहिलं अंतर काढलं होतं. तीच चूक, वेगळ्या कपड्यात. पहिलं अंतर काढून टाकून सगळं विश्लेषण पुन्हा करावं लागलं, आणि सेमिनारला जुन्या आलेखाच्या शेजारी नवा लावून सांगावं लागलं की आधीचा चुकीचा होता. पाय थरथरत होते (इथेही पायच). समितीने बरेच प्रश्न विचारले, पण मॉडेलवरच्या एकाही प्रश्नाला मी पाठ केलेलं उत्तर दिलं नाही.

नंतर त्याच कॅफेत परत गेले. चार मोजले, सुरू केलं, सतराव्यावर बंद केलं. लूप फिरला. तबलजी मित्र मागे उभा होता. समेला त्याने मान हलवली, एवढंच. पुढच्या वेळी तुमचा डेटा लंगडताना दिसला, तर जिथे ऐकू येतंय तिथे शोधायच्या आधी रेकॉर्डिंगच्या पहिल्या सेकंदाकडे जाऊन बघा.